ओंडक्यातून दस्ता काढताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावच्या धाटणीची चकमकी रायफल करायला घेतली आहे, नळी 44 इंची, लाकूड कर्ली मेपल. नळी, लॉक (चकमकीने ठिणगी पाडणारी कळ) आणि मागची पितळी बटप्लेट बसवून झाली, बार ठासायच्या गजाचं भोकही पाडलं. पण हातात जे आहे ते दाराच्या चौकटीला नळी ठोकल्यासारखं दिसतंय. रास्प, म्हणजे लाकडाची खरबरीत कानस, आधी कुठे लावायची, मूठ किती जाड ठेवायची आणि कुठे थांबायचं?

शेवटच्या प्रश्नाची काळजी सध्या सोडा. पहिल्याच रायफलीत लाकूड जास्त काढून बसलेला माणूस मला अजून भेटायचाय. सगळ्यांचं कमीच निघतं. माझ्या पहिल्या रायफलीचा पुढचा भाग मुसळासारखा आहे. ती पूर्ण झाली तेव्हा मी भलताच खूश होतो. एका जुन्या कारागिराने ती हातात घेतली, कॅलिपर लावला, बोलला काहीच नाही. खिशातली पेन्सिल काढली, पॉलिश झालेल्या लाकडावर नळीच्या दोन्ही अंगांना एकेक रेघ मारली आणि रायफल परत दिली. दर बाजूला सव्वा सूत जादा. त्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे हेच माप धरतो. आणि शब्द एकदा ठरवून घेऊ. नळीच्या तोंडापासून खांद्यापर्यंतचं सगळं लाकूड म्हणजे दस्ता. लॉकच्या मागे हात आवळतो ती मूठ. गाल टेकतो ती वरची कड म्हणजे माथा. बटप्लेटचं वरचं टोक टाच, खालचं टोक चवडा.

आता कामाचं. दस्त्याचा निम्माअधिक आकार तुम्ही नळी, लॉक आणि बटप्लेट बसवलीत त्या दिवशीच ठरला. पुढचा भाग किती रुंद, हे नळी सांगते. पोटाची रेघ कुठे, हे गजाचं भोक सांगतं. मधल्या भागाची उंची लॉकच्या पाटीवरून येते. मुठीची वरची रेघ नळीच्या बुचाची शेपटी, म्हणजे टँग, जिथे संपतो तिथून सुटते. टाच आणि चवडा तर पितळेतच आहेत. तुम्हाला फक्त ही ठिकाणं एकमेकांना जोडायची आहेत, आणि लँकेस्टरची सोय अशी की त्यातल्या बहुतेक रेघा सरळ आहेत. टाचेपासून माथ्याच्या नाकापर्यंत, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकापर्यंत, सरळ. चवड्यापासून ट्रिगर गार्डच्या मागच्या टोकापर्यंत सरळ. गार्डच्या पुढच्या टोकापासून गज आत शिरतो त्या नळकांडीपर्यंत सरळ. बाजूने पाहिलं तर दस्त्याचा मागचा भाग साधा लांबट त्रिकोण दिसतो. जेकब डिकर्टसारख्या लँकेस्टरच्या कारागिरांच्या रायफली याच त्रिकोणावर उभ्या आहेत.

इथेच लोक घोटाळा करतात. पेनसिल्व्हेनियात दर खोऱ्याची, दर गावाची धाटणी वेगळी. लीहाय खोऱ्यातल्या रायफलीचा माथा वरून बाकदार उतरतो आणि खालची रेघही त्याच्याबरोबर वाकते. नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंगला मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची बंदूकशाळा होती, ख्रिश्चन ऑर्टर तिथे 1775 च्या सुमाराला काम करत होता. त्या बाजूच्या रायफलींत मूठ दस्त्याच्या मागच्या भागात विरून न जाता पायरी घेऊन शिरते. दोन्ही सुंदर आहेत. पण लीहायचा माथा, मोराव्हियन मूठ आणि लँकेस्टरचं पोट एकाच लाकडात आलं की ती रायफल कुठलीच राहत नाही. एका मूळ रायफलीचे फोटो निवडा, भिंतीवर लावा आणि काम संपेपर्यंत दुसरीकडे बघू नका.

काळही एकच धरा. या सगळ्या रायफलींचं मूळ जर्मन स्थलांतरितांनी आणलेल्या आखूड, जाड नळीच्या येगर रायफलीत आहे. अमेरिकेत नळी लांबली आणि अक्रोडाऐवजी मेपल आलं. पण सुरुवातीच्या रायफलींचा मागचा भाग येगरसारखाच भरदार राहिला. 1770 च्या आसपासच्या रायफलीची बटप्लेट दोन इंच किंवा त्याहून रुंद आणि जवळजवळ सपाट असते. 1800 नंतर ती अरुंद होत जाते आणि तिला चंद्रकोरीसारखा खोलगट बाक येतो. तुमची बटप्लेट कुठल्या काळातली आहे ते बघा, बाकीचा दस्ता त्याच काळातला हवा.

काम बाजूच्या आकृतीपासून सुरू करा. दस्ता आडवा ठेवून वर सांगितलेल्या सगळ्या रेघा लांब पट्टीने मारा आणि रेघेबाहेरचं लाकूड काढून टाका. मी धनुष्यकरवतीने कापतो, मग रास्पने रेघेपर्यंत येतो. हे करताना वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाचा बाजूंशी काटकोन राहिला पाहिजे. गुण्या लावून बघत चला. या टप्प्यावर गोलाई नावाची गोष्टच नाही. हाताला चौकोनी, बोचरी, कुरूप वस्तू लागली पाहिजे. ज्याला कडा मोडायची घाई होते त्याची मध्यरेषा हरवते, आणि मध्यरेषा हरवली की डावी-उजवी बाजू कधीच जुळत नाही.

त्यानंतर वरून दिसणारी आकृती. मध्यरेषा वर आणि खाली दोन्हीकडे, नळीच्या तोंडापासून बटप्लेटपर्यंत पुन्हा मारून घ्या, कारण आधीची तासण्यात गेली असेल. उजव्या खांद्यासाठी दस्ता मागे एकदोन सूत उजवीकडे झुकवलेला असेल, तर बटप्लेट आधीच तशी बसलेली आहे. मुठीपासून मागची मध्यरेषा तिच्याकडे जाऊ द्या. मग बटप्लेटच्या रुंदीपासून मुठीच्या रुंदीपर्यंत बाजू सरळ निमुळत्या करा. यातही फुगवटा नको. बाजू फुगीर राहिल्या की गाल नळीच्या रेषेत येत नाही आणि डोळ्याला नळीवरचा नेमाचा दर्शक सापडत नाही.

पुढच्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण रायफल हलकी वाटते की जड, ते इथे ठरतं. चांगली नळी बहुधा एकसारख्या जाडीची नसते. मागे जाड, पुढे बारीक होत जाते आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुलते. लाकडाने तिच्याबरोबरच जायचं. नळीच्या अंगाला चिकटून जे लाकूड वर येतं त्याची जाडी वरच्या कडेला अर्धा ते पाऊण सूत पुरे. अर्धा सूत वाचायला ठीक वाटतं, करताना मात्र छातीत धडधडतं. अष्टकोनी नळीच्या बाजूच्या उभ्या पैलूच्या साधारण निम्म्यापर्यंत लाकूड ठेवा, बाकी नळी उघडी दिसू द्या. दोन्ही कडा एका उंचीवर आहेत ना, ते नळीच्या तोंडाकडून एक डोळा मिटून बघितलं की लगेच कळतं.

खालच्या अंगाला हिशेब वेगळा. नळीच्या तळापासून गजाच्या खोबणीपर्यंत मधे जो पडदा राहतो तो तोंडाकडे एक सूत आणि मागे दीड ते दोन सूत असावा. लॉकचा पुढचा बोल्ट नळी आणि गज यांच्या मधून, याच पडद्यातून जातो, म्हणून मागे थोडा जास्त. गज तीन सूत व्यासाचा. उघड्या खोबणीत गजाचं निम्मं अंग बाहेर दिसतं. नळकांडीच्या मागे मात्र तो लाकडात बुडतो आणि त्याच्याखाली एक सूतभर लाकूड राहिलं तरी चालतं. ते तेवढं आहे की नाही, हे रास्प लावण्याआधी तपासा. लांब ड्रिल भरकटतं, सगळ्यांचंच. भोकात गज घालून तो पुढे जिथे बाहेर येतो तिथल्या आणि आत जिथे थांबतो तिथल्या खोलीचा अंदाज घ्या आणि दस्त्याच्या अंगावर पेन्सिलीने भोकाची वाट काढून ठेवा. माझ्या तिसऱ्या रायफलीत ते खाली झुकलं होतं आणि मी चित्रातल्या रेघेवर विसंबून पोट तासत गेलो. एका ठिकाणी लाकूड पारदर्शक वाटायला लागलं, बोटाने दाबलं तर आत गेलं. त्यावर लांबट पितळी पट्टी बसवली. लोक ती नक्षी समजून कौतुक करतात.

पुढच्या भागाचा काप इंग्रजी यू अक्षरासारखा गोल करू नका. नळीच्या कडेपासून गजापर्यंत बाजू जवळजवळ सपाट उतरू द्या, गजाच्या दोन्ही बाजूंना थोडी धार राहू द्या. काप त्रिकोणाकडे झुकला की तीच जाडी डोळ्याला निम्मी वाटते.

गोलाई आणायची पद्धत साधी आहे आणि मूठ, पुढचा भाग, माथा या सगळ्यांना एकच. चौकोनाचे चार कोपरे तिरके कापून आठ पैलू करा. पैलूंच्या रुंदीच्या रेघा आधी मारा, नजरेने नको. पैलू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे निमुळते होत गेले तर आकार बरोबर आहे. मधेच एखादा पैलू फुगला किंवा बसला तर चूक कुठे आहे ते आपोआप दिसतं, गोल केल्यावर ते दिसत नाही. आठाचे सोळा करा. सोळानंतर रास्पचा हलका हात फिरला की गोलाई आलीच. जुन्या रायफली हातात घेतल्यात तर मुठीखाली हे पैलू अजून बोटांना लागतात. त्या लोकांनी शेवटपर्यंत घासत बसायचा हट्ट धरला नव्हता.

मूठ किती जाड, हे तुम्ही स्पष्ट विचारलंय म्हणून आकडा देतो. सर्वांत बारीक जागी रुंदी आणि उंची दोन्ही दीड इंच आणि एक इंच तीन सूत यांच्या दरम्यान. दीड इंचावर थांबा, चार दिवस रायफल खांद्याला लावत राहा, मग उरलेलं काढा. सर्वांत बारीक जागा कुठे येते तेही बघा. ती लॉकच्या शेपटीला चिकटून नको आणि माथ्याच्या नाकाखालीही नको. दोन्हीच्या मधे हवी. माथ्याचं नाक मुठीत उतरतं तिथे अंगठ्याला जागा द्यायची म्हणून दोन्ही बाजूंना उथळ खोबण येते. ती गोल पटाशीने काढा, रास्पने तिथे नीट पोहोचता येत नाही.

जुन्या रायफली तुटल्या आहेत त्या बहुतेक मुठीत. आत लॉकची खाच, टँगचा बोल्ट आणि चापाची खाच असं सगळं लाकूड पोखरलेलं असतं आणि वर सगळा जोर तिथेच येतो. म्हणून मुठीतून लाकडाचा रेषा, म्हणजे तंतू, लांब आणि मुठीच्या उताराबरोबर गेलेला हवा. तुमचा ओंडका तसा नसेल तर एक इंच तीन सुताचा नाद सोडा आणि दीडवरच राहा.

आता कर्ली मेपल. याच्या पट्ट्या दिसतात त्या रेषा लाटेसारखा वरखाली होत गेल्यामुळे. म्हणजे दर पाव-अर्ध्या इंचाला पातं एकदा सुलटं आणि एकदा उलटं लागतं. दोन मुठींची ड्रॉनाइफ बाकी लाकडात लोण्यासारखी चालते, इथे ती दगा देते. एकदा संध्याकाळी उजव्या बाजूला, लॉकच्या शेपटीमागे दोन बोटं अंतरावर, शेवटची एक ओढ म्हणून मी ती ओढली. टक् असा आवाज झाला आणि नखाएवढा टवका उडाला. खाली एक सूत खोल, खरबरीत खड्डा. अर्धा तास फरशीवर गुडघ्यांवर बसून भुशातून तो टवका शोधला, पालथा-सुलटा करून जागेवर जुळवला आणि सरसाने चिकटवून सुतळीने आवळला. रंग दिल्यावर सरसाची रेघ केसाएवढी दिसते. रायफल ज्याच्याकडे आहे त्याला ती अजून सापडलेली नाही, पण मला दुसरं काही दिसतच नाही. तेव्हापासून कर्ली मेपलवर ड्रॉनाइफ फक्त रेघेपासून दोन सुतांपर्यंत. पुढे रास्प, आणि तीही तिरकी.

लॉकभोवतीचं आणि त्याच्या समोर डाव्या बाजूचं, असे दोन सपाट पॅनल मी मुद्दाम सर्वांत शेवटी घेतो. कारण नवशिक्याची रायफल लांबून ओळखायची खूण म्हणजे लॉकभोवतीचं लाकूड. पाटीच्या कडेपासून सगळीकडे एक ते दीड सूत रुंदीची सपाट पट्टी ठेवायची, बस. त्यापुढे लाकूड एकदम खाली उतरलं पाहिजे. पॅनलची कड इतकी स्पष्ट हवी की अंधारात नखाने तिच्यावरून फिरता यावं. बहुतेक लोक पाटीखाली बोटभर लाकूड ठेवतात आणि मग सगळं पोट खाली लोंबतं. डावीकडचं पॅनल उजवीकडच्याचा आरसा असावा. जाड कागदावर उजवीकडचा साचा काढा, उलटा करून डावीकडे लावा. लॉकच्या पुढे पॅनल निमुळतं होत पुढच्या भागात मिसळतं. तिथून पुढे रुंदी झपाट्याने कमी व्हायला हवी. लॉकची जाडी नळकांडीपर्यंत ओढत नेली की मुसळ तयार झालंच.

हे सगळं करताना लॉक, नळी आणि बटप्लेट जागेवर असू द्या. पाटीला रास्प लागेल म्हणून भीती वाटते, तर तिच्यावर चिकटपट्टी लावा, पण काढून ठेवू नका. मोकळ्या खाचेच्या कडा कानसेखाली गोल होतात आणि मग लाकूड-धातूच्या सांध्यात फट दिसते. बटप्लेटपाशी तर पितळ आणि लाकूड एकाच कानशीने एकाच वेळी घासायचं.

गालपट्टी विसरू नका, ती अजून ओंडक्यात आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची ती डाव्या बाजूला येते. वरून आकृती कापताना डावीकडे तेवढं लाकूड राखलंय ना? नसेल तर सपाट बाजूवर उथळ गालपट्टीही चालते. तिची खालची कड सरळ आणि धारदार ठेवा, वर ती माथ्यात विरून जाऊ द्या. आणि कोरीव काम करायचं असेल तर आत्ताच ठरवा. उठावाची नक्षी म्हणजे भोवतालचं लाकूड खाली नेणं. गालपट्टीच्या मागे आणि टँगभोवती त्यासाठी अर्धा सूत जादा राखावं लागतं. पितळी पॅचबॉक्स, म्हणजे दस्त्यात कोरलेली झाकणाची छोटी पेटी, उजव्या बाजूला येणार असेल तर ती बाजू आधी पट्टी लावून सपाट करून घ्या. फुगीर लाकडावर झाकण कधी नीट मिटत नाही.

पॉलिश पेपर वापरू का, असं शेवटी विचारलंय. मी वापरत नाही. पेपर मऊ जागा जास्त खातो, कडा गोल करतो, आणि दोन दिवस खपून केलेल्या पॅनलच्या धारा दहा मिनिटांत साबणाच्या वडीसारख्या होतात. पोलादी स्क्रेपरने काम करा. पण कर्ली मेपलवर तो पट्ट्यांना समांतर धरला तर पृष्ठभागावर लाटा उठतात. पातं तिरकं धरून ओढा आणि दर काही ओढींनी कोन बदला. लाटा आहेत की नाही हे दिवसाच्या उजेडात कळत नाही. खोली अंधारी करा, एकच दिवा दस्त्याच्या टोकाशी जवळजवळ त्याच पातळीवर ठेवा आणि दस्ता हळूहळू फिरवा. प्रत्येक उंचवट्याला सावली पडते. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढंच खरवडा. पहिल्या रात्री खुणा मोजू नका, फार असतात.

स्क्रेपरचं काम झालं की ओल्या फडक्याने सगळा दस्ता पुसा, हीट गनने वाळवा. दबलेले तंतू उभे राहून हाताला दाढीचे खुंट लागल्यासारखं होईल. ते हलक्या हाताने खरवडून पुन्हा ओलं करा. मी असं तीनदा करतो. ओलं असतानाच लाकडाच्या पट्ट्या पहिल्यांदा चमकतात आणि रास्पचे राहून गेलेले ओरखडेही तेव्हाच उघडे पडतात. मुठीखाली आणि गार्डच्या मागे हमखास दोनचार सापडतील. ते तिथल्या तिथे काढा, कारण रंग त्यात मुरला की काळ्या रेघा होतात.

रंगाकडे वळण्याआधी एकदा नळीला दोन्ही अंगांना कॅलिपर लावा. पाऊण सुताच्या वर असेल तर रास्प परत हातात घ्या.